वेल्वेट एफएमच्या माजी मालकाची वाटणी

मी, पुरुषोत्तम रामचंद्र हुपरीकर, वय वर्षे सहासष्ट, मूळचा इचलकरंजीचा, गेली बेचाळीस वर्षे मिशिगन राज्यात आणि त्यातली सव्वीस ट्रॉय गावी याच घरात राहणारा, आज गुरुवारी सकाळी स्वतःच्या हाताने हे लिहायला बसलो आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयात दोन स्टेंट आहेत, पण मृत्युपत्राला डोकंच लागतं, असं वकीलबाई म्हणाल्या. कोणाची जबरदस्ती नाही. माझी पत्नी शोभा शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे. कपाटाचं दार तिने दोनदा जोरात लावलं, त्यावरून ती माझ्यावर चिडली आहे एवढं मला इथे बसून कळलं. पण काय लिहावं हे तिने सांगितलेलं नाही.

याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रं, १९८४ चं आणि १९९९ चं, रद्द समजावीत. हे मराठीत का, असं वकीलबाईंनी विचारलं. मी म्हटलं, इंग्रजीत मी चाळीस वर्षं करार केले, त्या भाषेत मला फार गुळगुळीत लिहिता येतं. इथल्या कायद्याला सगळं माझ्या हाताचं असलं, खाली तारीख आणि सही असली की पुरे आहे. भाषांतर करून सोबत जोडायचं काम माझा मुलगा अमित करेल.

कलम १. राहतं घर, आतल्या सामानासकट, शोभाचं. तिने ते विकावं, ठेवावं, भाड्याने द्यावं, तिची मर्जी. एवढीच विनंती, की विकायचं झालं तर हिवाळ्यात विकू नये. ड्राइव्हवेवरचा बर्फ पाहून गिऱ्हाईक भाव पाडतं. जिन्याची चौथी पायरी करकरते ती दुरुस्त करू नये. कोण आलं, कोण गेलं आणि कोण किती वाजता आलं हे या घरात आम्हाला त्या पायरीनेच सांगितलं आहे.

कलम २. बँकेतल्या आणि निवृत्तीच्या खात्यांतल्या शिलकीवर शोभाच्या हयातीत तिचा हक्क. तिच्यानंतर अमित आणि नैना या माझ्या दोन मुलांना निम्मं निम्मं. व्यवस्थापक म्हणून मी अमितला नेमतो. तो बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन केला तर तो उचलतो आणि "का?" असं कधी विचारत नाही, "फाइल कुठाय?" एवढंच विचारतो. या कामाला असाच माणूस लागतो. माझ्या रेडिओ स्टेशनच्या संगीताला तो "दाताच्या डॉक्टरकडे वाजतं ते" म्हणायचा. त्याबद्दल त्याला माफ केलेलं आहे. तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

कलम ३. तळघरातली माझी हत्यारं, म्हणजे यंत्राला टेकवून आतला आवाज ऐकायच्या सळया, सगळे मायक्रोफोन, ट्यूनिंग फोर्कची पेटी आणि आवाज मोजायची दोन जुनी यंत्रं, सांगलीच्या माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजला पाठवावीत. पाठवण्याचा खर्च माझ्या शिलकीतून.

या हत्यारांवर आम्ही जेवलो, म्हणून दोन ओळी. माझे वडील मागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग चालू करून द्यायचे. चाळीस मागांच्या खडखडाटात मी दारात उभा राहून सांगायचो, "आप्पा, खिडकीकडून तिसरा. धोटा अडखळतोय." वडील जाऊन बघायचे, आणि असायचाच. त्या कानांच्या जोरावर डेट्रॉइटला आलो, मोटारीत कुठे काय कुरकुरतं ते शोधायची नोकरी धरली आणि पुढे स्वतःची छोटी कंपनी काढली. आमचा माल एकच होता: गाडीचं दार लावताना येणारा आवाज. दार लागलं की आत बसणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपण चांगल्या जागी पैसे घातले. पत्रा तोच, रबर वेगळं, कुलपाचा खटका वेगळा. घरी नैना आणि अमित लहान असताना मी जेवताना टेप लावायचो, "सांगा, यातलं महाग दार कुठलं?" नैना एकदाही चुकली नाही. अमितने एकदाही नीट ऐकलं नाही.

कलम ४. वेल्वेट एफएम हे स्टेशन माझ्या मालकीचं राहिलेलं नाही. गेल्या वर्षी एका धार्मिक संस्थेला विकलं, पैसे कलम दोनच्या शिलकीत आले. त्याच्या टॉवरवर, जमिनीवर किंवा नावावर माझ्या वारसांनी हक्क सांगू नये. तरी त्याची हकीकत इथे येणं भाग आहे, कारण पुढची कलमं तिच्यावर उभी आहेत.

१९९३ साली इथून उत्तरेला पाऊण तासावरचं ते बुडीत स्टेशन मी विकत घेतलं. शोभा म्हणाली होती, "लोक पन्नाशीला गाडी बदलतात, तुम्ही टॉवर घ्या." घेतला. संगीत ठेवलं स्मूथ जॅझ. सॅक्सोफोन, मऊ गिटार, मागे संथ ताल. संध्याकाळी कारखान्यातून घरी जाणाऱ्या माणसाच्या खांद्यावर कोणी तरी हात ठेवावा तसं. १९९६ साली नैना कॉलेज संपवून आली आणि म्हणाली, "बाबा, तुमचे लोक सगळे झोपल्यासारखे बोलतात. मी करते." दुपारी दोन ते सात तिचा कार्यक्रम. नऊ वर्षं. मधे ती डेट्रॉइटच्या क्लबांत वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या जुन्या तबकड्या लावायची, त्यात एखादी जागा खरबरीत असायची, एखादा सूर घासून यायचा. लोक गाडी घराशी आणून इंजिन बंद न करता बसून राहायचे. असं मला कितीतरी जणांनी सांगितलं आहे.

मग मी चाचण्या घ्यायला लागलो.

कलम ५. तळघरात शिड्यांमागच्या खोक्यात काळ्या प्लास्टिकची एक डबी आहे, तिच्यावर शून्य ते शंभरचं गोल बटण. ती डॅलसचे सल्लागार मि. हॅलोरन यांना टपालाने पाठवावी. त्यांनीच मला ती भेट दिली होती. हॉटेलच्या हॉलमध्ये शंभर माणसं बसवायची, प्रत्येकाच्या हातात अशी डबी, आणि सहाशे गाण्यांचे आठ-आठ सेकंदांचे तुकडे वाजवायचे. आवडलं की बटण उजवीकडे, नाही की डावीकडे. पडद्यावर रेघ वर-खाली होते. जिथे रेघ खाली गेली ते गाणं काढायचं. मि. हॅलोरन यांनी सोबतच्या चिठ्ठीसकट डबी घ्यावी आणि स्वतःचा सल्ला स्वतःला वाचून दाखवत बटण फिरवून पाहावं, अशी माझी इच्छा आहे. चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. सभ्य भाषेत आहे.

पण हा राग त्यांच्यावर काढून मी मोकळा होऊ शकत नाही. आठ सेकंदांत खरबरीत सूर कोणाला आवडणार? तो आवडायला आधीची तीन मिनिटं लागतात. हे त्या हॉलमध्ये कोणाला कळत असेल तर ते मला कळत होतं, आणि मी रेघेकडे बघत बसलो. आधी म्हाताऱ्यांच्या तबकड्या गेल्या. मग लांब वादनं गेली. मग नैनाने किती बोलायचं ते ठरलं, दोन गाण्यांमधे दहा सेकंद. ती म्हणाली, "बाबा, दहा सेकंदांत मी फक्त तापमान सांगू शकते." मी म्हटलं, मग तापमान सांग. ती हसली होती तेव्हा. चार-पाच वर्षांत सहाशेची दोनशे गाणी राहिली, सगळी चांगल्या गाडीच्या दारासारखी, आणि लोक म्हणायला लागले की या स्टेशनवर एकच गाणं लागतं. जाहिराती कमी झाल्या. मि. हॅलोरन म्हणाले, आता फॉरमॅटच बदला, जॅझ सोडा. सत्तर-ऐंशीच्या दशकातली चालती गाणी लावा. संगणक लावेल, बोलणारं कोणी नको.

कलम ६. हे कलम कोणाला काही देत नाही. ते असू द्यावं.

या धंद्यात एक रीत आहे. फॉरमॅट बदलायचा असला की माइकवरच्या माणसांना आधी सांगत नाहीत. सांगितलं तर ती हवेवर काहीबाही बोलतील, रडतील, मालकाला शिव्या देतील, अशी भीती. त्यांचा शेवटचा कार्यक्रम रोजच्यासारखा होऊ द्यायचा, ते घरी गेले की कुलूप बदलायचं. मि. हॅलोरन यांनी विचारलं, "तुमच्या मुलीचं काय?" मी म्हटलं, रीत सगळ्यांना सारखी.

शुक्रवार, २३ सप्टेंबर २००५. नैनाने सातला दोन मिनिटं कमी असताना श्रोत्यांचा निरोप घेतला. म्हणाली, "सोमवारी दोन वाजता मी इथेच असेन, तुम्हीही या." मी काचेपलीकडे उभा होतो. हात हलवला. ती गेली. सात वाजता आम्ही जुनं संगीत बंद केलं. नवीन सोमवारी सुरू व्हायचं होतं. मधले दोन दिवस लोकांची उत्सुकता वाढवायला काही तरी विचित्र लावून ठेवतात, तीही एक रीतच. कोणी घड्याळाची टिकटिक लावतं, कोणी एकच गाणं दोनशे वेळा. मला वाटलं, आपल्याजवळ आपलं काही तरी आहे. मी दार लावलं. गाडीचं दार, माझ्या कंपनीचं सर्वांत देखणं दार, दर चार सेकंदांनी, सोमवार उजाडेपर्यंत. मला ते फार गमतीचं वाटलं होतं. हे मी आज लिहू शकतो, पण वाचू शकत नाही.

सात वीसला नैनाचा फोन आला, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून. मागे तिच्या रेडिओवर दार लागत होतं. तिने विचारलं, "हे आपलं दार आहे ना?" मी हो म्हटलं. मी तिकडचं दार मोजत राहिलो. मग म्हणाली, "तुम्ही मला सोमवार म्हणू दिलात, बाबा." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून तीन वर्षं ती या घरी येते ती आईसाठी. मी खोलीत असलो तर तापमान सांगितल्यासारखं बोलते. अॅन आर्बरला एका लायब्ररीत पुस्तकांची नोंदणी करते. ज्या कामात दिवसभर तोंड उघडावं लागत नाही, असं काम तिने शोधलं. आमचे निरोप शोभा इकडून तिकडे नेते. एकदा वैतागून म्हणाली, "मी काय रिले टॉवर आहे?"

माझ्या बाजूने एवढंच नोंदवतो, की मी खोटं बोललो नाही. मी गप्प राहिलो. आणि गप्प राहिलो ते ती हवेवर रडेल म्हणून नाही. तिला आधी सांगितलं असतं तर तिने मला समजावलं असतं आणि मला पटलं असतं. मला पटून घ्यायचं नव्हतं.

सहा महिन्यांत नवीन फॉरमॅटही बुडाला. यंदा न्यूयॉर्कचं मोठं स्मूथ जॅझ स्टेशनसुद्धा गेलं, म्हणजे कदाचित आम्हीही गेलोच असतो. पण जाणं आणि असं जाणं यात फरक आहे.

कलम ७. स्टुडिओत एक टेप असायची, माइक उघडा असेल तेवढीच फिरणारी. तिच्यावर नैनाचं नऊ वर्षांचं बोलणं आहे, गाण्यांशिवाय. अशा कॅसेटची अकरा खोकी मी स्टेशन विकण्याआधी घरी आणली. ती, आणि त्यासोबत आठ हजार सीडी व तबकड्या, माझ्या मृत्यूनंतर नैनाला द्याव्यात. शिवाय कलम दोनच्या शिलकीतून वीस टक्के रक्कम आधी वेगळी काढून तिला द्यावी, अशा अटीवर, की तिने दोन वर्षांच्या आत इंटरनेटवर वेल्वेट नावाचं जॅझ स्टेशन सुरू करावं. न केल्यास ती रक्कम अमितला जावी. या कलमाची माहिती तिला माझ्या मृत्यूनंतर वकीलबाईंनी पाकिटातून द्यावी.

इथपर्यंत गुरुवारी लिहून झालं. दुपारी मी ते शोभाला वाचून दाखवलं. ती घड्या घालत ऐकत होती. सातवं कलम संपल्यावर मला वाटलं, हिचे डोळे भरतील. ती म्हणाली, "म्हणजे याही वेळेला तिला नंतरच कळणार."

मी म्हटलं, अगं, मृत्युपत्र असंच असतं, तीच रीत आहे.

"रीतच आहे," शोभा म्हणाली, आणि कपाटाचं दार या वेळी हळू लावलं. ते जास्त वाईट होतं.

मी फोन केला. तीन वर्षांत पहिल्यांदा शोभाकडून नव्हे, स्वतः. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, त्यातलं काही बोललो नाही. म्हटलं, मी मृत्युपत्र लिहिलंय आणि ते तुला जिवंतपणी वाचून दाखवायचंय. मधे थांबवायचा तुला हक्क आहे. ती म्हणाली, "मराठी मला वाचता येत नाही." मी म्हटलं, म्हणून तर.

कलम ८. हे कलम आज, रविवारी संध्याकाळी लिहीत आहे.

नैना अकरा वाजता आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, कोट न काढता. मी पहिल्यापासून वाचलं. चौथ्या पायरीला ती थोडी हसली, आपल्या आईकडे बघून. डबीच्या कलमाला हसली नाही. सहाव्यात "मी खोटं बोललो नाही" इथे तिने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"बाबा, ती टेप आहे ना तुमच्याकडे? त्या शुक्रवारची?"

आहे, म्हटलं.

"तुम्ही ऐकलीय?"

नाही, म्हटलं. खरंच ऐकली नव्हती. माझ्या कानांवर मी घर बांधलं आणि ही एक टेप तीन वर्षं खोक्यात ठेवली.

ती म्हणाली, "लावा."

शोभाने तिचा भजनांचा टेपरेकॉर्डर आणला. नैनाचा आवाज आला, निरोपाचा, आणि मागून शेवटच्या गाण्याची सुरुवात. माइक ती लगेच बंद करत नसे, गाणं धरेपर्यंत चार-पाच सेकंद उघडा ठेवायची. त्या सेकंदांत पियानोच्या खाली एक दार उघडतं आणि एक माणूस मराठीत बोलतो. आवाज लांबचा आहे. दुसऱ्या कोणाला तो कळणार नाही. मला पहिल्या शब्दाला कळला.

"छान झालं गं. सोमवारी जरा लवकर ये, तुझ्या नव्या खुर्चीचं बघू."

नैनाची पाठ दुखायची, ती दीड वर्ष खुर्ची मागत होती. मी काचेपलीकडे नव्हतो. हातही हलवला नव्हता. मी आत गेलो होतो, आणि कोणी न विचारता बोललो होतो. कलम सहामध्ये लिहिलेलं तीन वर्षांत मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की मला ती काच आठवत होती.

शोभाने टेप बंद केली. मग मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"मी तिथेच होते, बाबा," नैना म्हणाली. "फॉरमॅट वगैरे ठीक आहे. धंदा आहे, आय गेट इट. तुम्ही आईला, अमितला, सगळ्यांना सांगत होतात की 'मी गप्प होतो'. मी वाट बघत होते तुम्हाला कधी ऐकू येतंय याची."

मी माफी मागितली. ती कोणत्या शब्दांत, ते इथे लिहीत नाही. तिने ती घेतली असं मला म्हणता येणार नाही. तिने ती ऐकली. मग म्हणाली, पुढचं वाचा.

सातवं कलम ऐकून म्हणाली, "पुन्हा फॉरमॅट तुम्हीच ठरवताय." आणि शोभा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मीही हसलो. नैना नाही, पण कोट तिने तेव्हा काढला.

तेव्हा, पूर्ण शुद्धीत, पुढील दुरुस्त्या करतो.

एक. कलम सहामधली "मी काचेपलीकडे उभा होतो. हात हलवला." आणि "मी खोटं बोललो नाही. मी गप्प राहिलो." ही वाक्यं असत्य आहेत. ती मूळ कागदावर एका रेघेने खोडली आहेत, खालचं वाचता येईल अशी. अमितने भाषांतरात ती गाळू नयेत, खोडलेलीच दाखवावीत.

दोन. कलम सातमधली अट रद्द. वीस टक्के रक्कम नैनाची, बिनशर्त. तिने तिचं स्टेशन काढावं, घराचं छत बदलावं, किंवा काही करू नये. पाकीटही रद्द. असं कुठलंही पाकीट माझ्यामागे निघणार नाही.

तीन. सीडी आणि तबकड्या तिला सरसकट नको आहेत. "दोनशे गाणी सोडून बाकीची द्या," असं ती म्हणाली, आणि ती थट्टा होती की मागणी, हे मला या वयात, या कानांनी, ओळखता आलं नाही. म्हणून मी सोमवारपासून ती निवडायला बसणार आहे. मधेच मी गेलो तर उरलेली तिने निवडावीत.

चार. कॅसेटची अकरा खोकी आज दुपारी अडीच वाजता नैनाने स्वतः उचलून आपल्या गाडीत ठेवली. मी मदतीला गेलो तर स्टेंटची आठवण करून देऊन मला पायरीवर बसवलं. त्या शुक्रवारची कॅसेट तिने खोक्यात परत ठेवली नाही, पर्समध्ये ठेवली. का, ते मी विचारलं नाही. अशा रीतीने सदर मालमत्ता माझ्या हयातीत, दिवसाउजेडी, तिच्या समक्ष तिच्या ताब्यात गेली असून, कॅसेटपुरतं कलम सातखाली माझ्यामागे देण्यासारखं काही शिल्लक नाही.

वरील सर्व मजकूर मी आज दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, चहा आणि शोभाच्या शंकरपाळ्या सोडून.

सही: पुरुषोत्तम रामचंद्र हुपरीकर

साक्षीदार १: अतुल वामन टेंबे, शेजारी, ट्रॉय
साक्षीदार २: यामिनी सरपोतदार, पीएच.डी.ची विद्यार्थिनी, डेट्रॉइट

स्थळ: ट्रॉय, मिशिगन
दिनांक: रविवार, ५ ऑक्टोबर २००८